उजळणी वर्गाऐवजी एक तक्ता : मयत खात्यांच्या कामाचा अनुभव

मुंबईतल्या एका नागरी सहकारी बँकेच्या प्रशिक्षण विभागात मी अनेक वर्षे काम करते आहे. मयत खातेदारांच्या ठेवी देताना शाखांमध्ये होणारा विलंब आणि नको त्या कागदांची मागणी यांबद्दलच्या तक्रारी वाढू लागल्या, तेव्हा वरून आमच्या विभागाला आलेला निरोप अपेक्षितच होता : सगळ्या शाखांतील कर्मचाऱ्यांचे उजळणी वर्ग घ्या. कोणतेही काम बिघडले की प्रशिक्षण हा त्यावरचा ठरलेला उतारा असतो, कारण ते देता येते, त्याची हजेरी दाखवता येते आणि त्यापायी कोणाच्या टेबलावरची एकही वस्तू हलवावी लागत नाही. परंतु हा विषय आमच्या वर्गांमध्ये आधीपासूनच होता आणि वर्गानंतरच्या चाचणीत बहुतेक जण त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे बरोबर लिहीत असत. ज्यांना उत्तर येते त्यांना तेच उत्तर पुन्हा शिकवून काय साधणार, हे मला कळेना. म्हणून वेळापत्रक आखण्याआधी काही शाखांमध्ये काउंटरमागे बसून काम पाहण्याची परवानगी मी मागितली आणि महाव्यवस्थापकांनी ती थोड्या नाराजीनेच दिली.

नियम तसा सरळ आहे. खात्यावर नामनिर्देशन असेल, म्हणजे आपल्या पश्चात पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते नाव (नॉमिनी) खातेदाराने नोंदवून ठेवले असेल, किंवा संयुक्त खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेल्याने चालवायचे) पद्धतीचे असून दुसरा खातेदार हयात असेल, तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि दावेदाराची ओळख पटवणारे कागद एवढ्यावर पैसे द्यायचे. न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल, तर रक्कम कितीही मोठी असली तरी सक्सेशन सर्टिफिकेट (न्यायालयाचा वारस दाखला), हमीपत्र किंवा जामीनदार मागायचे नाहीत. रिझर्व्ह बँकेने हे २००५ मध्येच स्पष्ट केले आणि सर्व कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढण्याची मुदतही घालून दिली. नॉमिनीला मिळणारी रक्कम तो वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून स्वीकारतो; वारसांमधले वाद बँकेने सोडवायचे नसतात. आमच्या बँकेतला कोणताही अधिकारी हे झोपेतसुद्धा सांगेल.

आणि तरीही लालबागच्या शाखेत, माझ्यासमोर, एका अनुभवी अधिकाऱ्याने मुलीबरोबर आलेल्या एका वयस्कर बाईंना सांगितले, “काकू, दोन जामीनदार लागतील, आणि तुमच्या दोन्ही मुलांच्या सह्याही आणा.” त्यांच्या यजमानांचे बचत खाते जुने होते. संगणकाच्या पडद्यावर नॉमिनीचा रकाना रिकामा दिसत होता, म्हणून अधिकाऱ्याने नामनिर्देशन नसलेल्या खात्याची कागदपत्रे मागितली. काउंटरवरची गर्दी ओसरल्यावर मी त्यांना विचारले, की हे खाते रजिस्टरच्या काळातले असेल तर नामनिर्देशन मूळ फॉर्मवर असू शकेल ना? “असू शकेल ना मॅडम, बऱ्याचदा असतेच,” ते म्हणाले, “पण तो फॉर्म रेकॉर्ड रूममध्ये, रेकॉर्ड रूमची चावी शिपायाकडे, आणि शिपाई क्लिअरिंगचे चेक घेऊन गेलेला.” मग जरा थांबून त्यांनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले : एखादा कागद जास्त घेतला म्हणून ऑडिटमध्ये आजवर कोणाला शेरा मिळालेला नाही, कमी घेतला म्हणून मात्र मिळतो.

हे ऐकल्यावर उजळणी वर्गाचा विचार मी मनातून जवळजवळ काढून टाकला. कामगिरी सुधारण्याच्या क्षेत्रात थॉमस गिल्बर्ट या अमेरिकी अभ्यासकाने १९७८ मध्ये मांडलेली सहा खान्यांची एक चौकट वापरली जाते. वरच्या तीन खान्यांत कर्मचाऱ्याला मिळणारी माहिती, त्याची साधने आणि त्याला मिळणारे बक्षीस किंवा बोल असतात. खालच्या तिन्हीत त्याचे ज्ञान, त्याची क्षमता आणि त्याची प्रेरणा. आधी वरची, म्हणजे व्यवस्थेची बाजू तपासावी आणि मग माणसाकडे वळावे, असा गिल्बर्ट यांचा आग्रह होता. लालबागचे उदाहरण त्या चौकटीत बसवून पाहिले, तर ज्ञानाचा खाना भरलेला होता. रिकामे होते ते वरचे तिन्ही. माहिती पडद्यावर नव्हती, फॉर्म हाताशी नव्हता आणि नियमापेक्षा जास्त मागणाऱ्यालाच व्यवस्था अभय देत होती. हे तीन प्रश्न वर्गातल्या फळ्यावर सुटणारे नव्हते. म्हणून कोणत्या दाव्याला कोणते कागद घ्यायचे हे काउंटरवरच दाखवणारा एक तक्ता करायचे मी ठरवले.

गिरगाव आणि मुलुंडच्या शाखांमध्येही मी बसले. गिरगावात जुनी खाती आणि वृद्ध ग्राहक यांचे प्रमाण मोठे, त्यामुळे असे दावे वारंवार येतात आणि कर्मचाऱ्यांनी आपापली सोय केलेली असते. एका टेबलाच्या काचेखाली परिपत्रकाचे अर्धे फाडलेले पान होते आणि त्यावर लाल पेनने लिहिले होते : ‘अंगठा असेल तरच दोन साक्षीदार’. नामनिर्देशनाच्या फॉर्मवर खातेदाराने सही केली असेल तर साक्षीदार लागत नाहीत, अंगठा असेल तरच दोन लागतात. ही बाब अनेक शाखांमध्ये चुकत होती आणि या टेबलावर मात्र कोणीतरी ती पाच शब्दांत कायमची सोडवून टाकली होती. ती चिठ्ठी मी जशीच्या तशी उतरवून घेतली. कर्मचाऱ्यांसाठी साधने तयार करायला निघालेल्या माणसाने आधी त्यांनीच तयार केलेली साधने गोळा करावीत, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे. काचेखालचे कागद, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, डायरीचे शेवटचे पान, या ठिकाणी कामाच्या खऱ्या अडचणी लिहिलेल्या असतात. आमच्या परिपत्रकांत त्या सापडत नाहीत.

परिपत्रकांचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे सविस्तर सांगते. आमची सगळी परिपत्रके बँकेच्या अंतर्गत संकेतस्थळावर क्रमांक आणि तारीख यांनुसार लावलेली होती. म्हणजे ज्याला परिपत्रकाचा क्रमांक माहीत आहे त्यालाच ते सापडणार, आणि ज्याला क्रमांक माहीत आहे त्याला बहुधा आतला मजकूरही माहीत असणार. त्यातही एका परिपत्रकाचा तिसरा परिच्छेद दुसऱ्याने रद्द केलेला आणि दुसऱ्याचा तक्ता तिसऱ्याने सुधारलेला. समोर ग्राहक उभा असताना हे उलगडत कोण बसणार? म्हणून सगळे जण एकच गोष्ट करत : मुख्य कार्यालयातल्या क्लेम विभागातील एका ज्येष्ठ मॅडमना फोन लावत. त्या रजेवर असल्या की दावे तुंबत.

मग मी या मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकली, आणि तक्ता खऱ्या अर्थाने तिथे तयार झाला. फोनवर शाखेतून लांबलचक हकीकत सुरू होई : खातेदार केव्हा वारले, मुलगा कुठे असतो, सून काय म्हणते. मॅडम ती मध्येच थांबवून ठरलेल्या क्रमाने उलटे प्रश्न विचारत. खाते एकट्याचे की संयुक्त? संयुक्त असेल तर व्यवहाराचा आदेश काय, म्हणजे खाते कोणी चालवायचे? दुसरे खातेदार हयात आहेत? नॉमिनी आहे? पडद्यावर पाहिलेत की फॉर्मवर? नॉमिनी सज्ञान आहे? कोर्टाचा काही कागद आलाय? चार-पाच प्रश्नांत निर्णय होत असे आणि त्यातले शेवटचे दोन प्रश्न तर क्वचितच विचारावे लागत. आमच्या परिपत्रकांचा क्रम याच्या अगदी उलट होता. सुरुवातीला कायद्याची कलमे, मग व्याख्या, मग सर्वसाधारण सूचना, आणि काउंटरवर पहिल्या मिनिटाला लागणारी गोष्ट पाचव्या पानावर. मॅडमच्या प्रश्नांचा क्रम मी कागदावर उतरवला आणि तोच तक्त्याचा सांगाडा ठरला. त्यांना तो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मी असं काही ठरवून विचारत नाही.” खरेच आहे, मुरलेल्या माणसाला आपण काय करतो हे सांगता येत नाही, ते शेजारी बसूनच पाहावे लागते.

तक्ता कशासाठी करायचा आणि कशासाठी नाही, यावर मात्र आमच्या विभागात बराच खल झाला. एकदा हुरूप आला की प्रत्येक कामाचा तक्ता करावासा वाटतो आणि काउंटरची भिंत दिसेनाशी होते. चेकची मुदत तीन महिने आहे, हे १ एप्रिल २०१२ पासून प्रत्येक कारकुनाच्या अंगवळणी पडले आहे; मोठी रोख रक्कम भरताना पॅन मागणे हेही तसेच. दिवसातून दहादा होणाऱ्या कामाला कागद दिला तर तो अडगळ होतो. ‘पॉझिटिव्ह पे’ची गोष्ट निराळी. मोठ्या रकमेच्या चेकचे तपशील ग्राहकाने आधी कळवण्याची ही व्यवस्था १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. ती लक्षात ठेवण्याची जबाबदारी माणसावर न टाकता, तपशील जुळत नसेल तर पडद्यावरच इशारा यावा अशी मागणी आम्ही संगणक विभागाकडे केली. थोडक्यात, फॉर्म किंवा पडदा सुधारून काम भागत असेल तर ते आधी करायचे. जे काम क्वचित येते, ज्याला फाटे फुटतात आणि जे चुकले तर माणसाला हेलपाटे पडतात, त्यासाठीच कागद. मयत खात्याचा दावा या तिन्ही कसोट्यांना उतरत होता.

मांडणी ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर दादरच्या फलाटावरचा इंडिकेटर होता. शेवटचे स्थानक, धीमी की जलद, किती डब्यांची आणि किती वाजता, एवढेच तो सांगतो, कारण धावत जिना उतरणाऱ्या माणसाला तेवढेच हवे असते. आमच्या तक्त्यातही एका पानावर डाव्या बाजूला प्रश्न, मध्ये उत्तरे आणि उजवीकडे घ्यायच्या कागदांची नावे एवढेच ठेवले. कलमांचे आणि परिपत्रकांचे क्रमांक पानाच्या मागे गेले, ऑडिटरला हवे असतील तर असावेत म्हणून. विधी विभागाला ही मांडणी मुळीच आवडली नाही. त्यांना प्रत्येक ओळीपुढे ‘लागू असलेल्या तरतुदींच्या अधीन राहून’ असे हवे होते, आणि ते टाळण्यासाठी मला ज्या बैठका घ्याव्या लागल्या त्यांचे वर्णन इथे करत नाही.

चाचणीसाठी आम्ही जुन्या, निकाली निघालेल्या दाव्यांच्या फायली घेतल्या, नावे आणि खाते क्रमांक झाकले, आणि बोरिवलीच्या शाखेत नुकत्याच लागलेल्या एका कारकून मुलीला तक्ता देऊन सांगितले, की मोठ्याने वाचत आणि बोट फिरवत निर्णयापर्यंत ये. मी शेजारी बसून फक्त तिचे बोट पाहत होते. पहिल्याच फायलीत ते ‘नामनिर्देशन आहे का?’ या ओळीवर थबकले. समोर ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोन बाण होते. ती म्हणाली, “मॅडम, पडद्यावर दिसत नाहीये. म्हणजे ‘नाही’ धरू का?” लालबागमध्ये जे घडले होते त्याचे मूळ त्या दोन बाणांत होते. तिथे आम्ही तिसरा बाण काढला : ‘पडद्यावर दिसत नाही’. तो थेट दोन ठिकाणी जातो, खाते उघडण्याचा मूळ फॉर्म आणि नामनिर्देशन रजिस्टर. तिथेही नोंद नसेल तरच ‘नाही’कडे वळायचे. सगळ्या तक्त्यात सर्वांत उपयोगी ठरलेली ओळ हीच. तिच्यामुळे शाखांना रेकॉर्ड रूमची दुसरी चावी अधिकाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्याची सूचना निघाली, आणि जुन्या फॉर्मवरची नामनिर्देशने संगणकात चढवण्याचे रेंगाळलेले काम पुन्हा हाती घेतले गेले. एका कागदाने एवढे हलते, कारण तो कागद नेमके कुठे अडते ते दाखवतो.

अडचण दोन बाजूंनी आली. एका ज्येष्ठ शाखाधिकाऱ्यांना तक्ता हा आपल्या अनुभवाचा अपमान वाटला. “हयात काउंटरवर गेली, आता चिठ्ठी बघून काम करू?” असे त्यांनी भर बैठकीत विचारले. त्यांना मी १९३५ च्या ३० ऑक्टोबरला अमेरिकेत राइट फील्डवर कोसळलेल्या बोइंगच्या विमानाची गोष्ट सांगितली. चालवणारा वैमानिक नवशिका नव्हता, निष्णात चाचणी वैमानिक होता. वाऱ्यापासून संरक्षणासाठी विमानाच्या शेपटीकडच्या नियंत्रक पृष्ठांना लावलेले कुलूप काढायचे राहून गेले. त्यानंतर वैमानिकांच्या हाती उड्डाणापूर्वीची तपासणी सूची आली आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून प्रसिद्ध झाले. शाखाधिकाऱ्यांना गोष्ट आवडली. मत फारसे बदलले नाही. ते बदलले त्यांच्याच शाखेतल्या मुलांनी तक्ता वापरून त्यांना विचारणे कमी केले तेव्हा.

दुसरी बाजू अधिक अवघड होती, कारण ती अतिउत्साहाची होती. महाव्यवस्थापकांना तक्ता इतका पसंत पडला, की प्रत्येक दाव्याबरोबर तो भरून, खुणा करून, सही-शिक्क्यासह फायलीला जोडणे सक्तीचे करावे असे त्यांच्या मनात आले. मी याला लेखी विरोध केला आणि आधाराला शस्त्रक्रियेच्या तपासणी सूचीचा दाखला दिला. जागतिक आरोग्य संघटनेची ही सूची दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात या सूच्या सार्वत्रिक झाल्या आणि तिथल्या १०१ रुग्णालयांच्या आकड्यांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, तेव्हा मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. खुणा तर होत होत्या. पण खूण करणे आणि तपासणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आमच्याकडेही दिवसअखेर सगळ्या चौकटींत एकदम खुणा झाल्या असत्या. सक्ती टळली. त्याऐवजी ऑडिटच्या नमुन्यात एक प्रश्न वाढवण्यात आला : नियमात नसलेला कागद ग्राहकाकडून घेतला गेला आहे का? लालबागच्या अधिकाऱ्याने सांगितलेल्या त्या वाक्याला हे उत्तर होते, आणि माझ्या मते तक्त्याइतकाच या एका प्रश्नाने फरक पडला.

तक्ता शाखांत गेल्यावर मॅडमचे फोन थांबले नाहीत, परंतु त्यांचे स्वरूप बदलले. ‘काय काय कागद लागतात’ हा प्रश्न जवळजवळ नाहीसा झाला आणि खरोखर गुंत्याची प्रकरणे तेवढी त्यांच्यापर्यंत येऊ लागली. नॉमिनी खातेदाराच्या आधीच वारला आहे, किंवा मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही, अशी.

कागदाची खरी परीक्षा नियम बदलतात तेव्हा होते. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मयत ग्राहकांच्या दाव्यांबाबत नवे निर्देश काढले आणि ते ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणण्यास सांगितले. नामनिर्देशन नसलेल्या खात्यांसाठी, न्यायालयाच्या दाखल्याशिवाय पैसे देण्याच्या सोप्या पद्धतीची मर्यादा सहकारी बँकांना किमान पाच लाख आणि इतर बँकांना किमान पंधरा लाख रुपये ठरली; बँकेच्या चुकीने पंधरा दिवसांची मुदत टळली तर ठेवीवर बँक दरापेक्षा (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) चार टक्के जास्त दराने भरपाई देणे आले. त्याच सुमारास, १ नोव्हेंबर २०२५ पासून, ठेव खात्यावर एकाऐवजी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करण्याची मुभा मिळाली. तेही एकाच वेळी हिस्से ठरवून, किंवा एकामागून एक अशा क्रमाने. म्हणजे मॅडमच्या ‘नॉमिनी आहे?’ या प्रश्नाला आता ‘किती, आणि कोणत्या पद्धतीचे?’ अशी जोड द्यावी लागली. एकाच वेळच्या पद्धतीत हिश्शांची बेरीज शंभर टक्के असावी लागते. क्रमाच्या पद्धतीत मात्र पहिला हयात असेपर्यंत दुसऱ्याचा प्रश्नच येत नाही.

नवी आवृत्ती छापणे सोपे होते, जुनी मागे घेणे कठीण. शाखांनी तक्त्याच्या झेरॉक्स काढून जिथे-तिथे लावल्या होत्या, आणि उपयोगी कागदाच्या झेरॉक्स निघणारच. आमच्या छपाई विभागातल्या एका सहकाऱ्याने यावर साधा उपाय सुचवला : प्रत्येक आवृत्ती वेगळ्या रंगाच्या कागदावर छापायची. पहिला तक्ता पिवळा होता, नवा हिरवा. पांढऱ्या कागदावरचा तक्ता दिसला की ती झेरॉक्स आहे आणि पिवळा दिसला की तो जुना आहे, हे शाखेत फेरी मारणाऱ्या कोणालाही दुरून कळते. पानाच्या खालच्या कोपऱ्यात आवृत्तीची तारीख, पुन्हा तपासण्याची तारीख आणि जबाबदार विभागाचा अंतर्गत दूरध्वनी क्रमांक असतो. पदाचे नाव दिले आहे, व्यक्तीचे नाही. बदल्या होत राहतात.

खाते उघडण्याचा फॉर्मही याच काळात बदलला. नामनिर्देशनाचा भाग पूर्वी शेवटच्या पानावर होता आणि ग्राहक तिथे पोहोचेपर्यंत सह्या करून कंटाळलेला असे. तो आता पहिल्या सहीच्या लगेच खाली आणला आहे, आणि नामनिर्देशन नको असेल तर तसे लिहून देण्याची ओळही तिथेच आहे. आजच्या फॉर्ममधली कोरी जागा पुढे कोणाच्या तरी घरच्यांना फेऱ्या मारायला लावते, हे काउंटरवर बसल्यावर नीट समजते.

सध्या लॉकरच्या दाव्याचा तक्ता हाती घेतला आहे. तो वेगळाच करावा लागणार, कारण लॉकरसाठी नॉमिनी एकामागून एक या क्रमानेच नेमता येतात, आतल्या वस्तूंची यादी साक्षीदारांसमोर करावी लागते आणि मोहोरबंद पाकिटे उघडायची नसतात. हे काम काउंटरवर न होता तळघरातल्या स्ट्राँग रूममध्ये होते, जिथे संगणक नाही, उजेड बेताचा आणि हात यादी लिहिण्यात गुंतलेले. त्यामुळे अक्षर मोठे, कागद जाड आणि यादीच्या पॅडलाच शिवलेला असावा, असा आमचा अंदाज आहे. मुलुंडच्या शाखेने पुढचा दावा येईल तेव्हा मला बोलावण्याचे कबूल केले आहे. तोपर्यंत मांडणी पक्की करायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.